आधीचं क्रिएटिनिन किती होतं?

५९ वर्षांच्या एक महिला धाप आणि कमालीचा थकवा घेऊन तातडीच्या विभागात येतात. कोविडची चाचणी पॉझिटिव्ह. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९२, रक्तदाब ९८/६०, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून टाकतात तो रक्तातला टाकाऊ पदार्थ, त्यांचं काम मंदावलं की वाढतो) ४.१. सोबतचा मुलगा सांगतो, "आईला किडनीचा त्रास आहे, पण डायलिसिस चालू नाही."

एवढ्या माहितीवर उपचार सुरू होतात, पण ते योग्य असतील याची खात्री नसते. कारण ४.१ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. महिन्यापूर्वी तो ४.० असेल तर मूत्रपिंडं होती तिथेच आहेत. ०.९ असेल तर निरोगी मूत्रपिंडांवर अचानक मोठा घाव बसलाय. २.३ असेल तर आधीच निम्म्याहून अधिक क्षमता गमावलेल्या मूत्रपिंडांवर नवा आघात झालाय. तिन्ही परिस्थितींत सलाईन किती द्यायचं, कोणतं औषध थांबवायचं, नातेवाइकांना काय सांगायचं, सगळं वेगळं. जुनी फाईल घरी राहिली होती. मुलाच्या फोनमध्ये दीड महिन्यापूर्वीच्या अहवालाचा फोटो सापडला आणि तिथून या केसला दिशा मिळाली.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार, म्हणजे सीकेडी, असलेल्यांना कोविड झाल्यावर ज्या घडामोडी वारंवार दिसतात त्या एकत्र करून ते अभ्यासासाठी रचलंय. आकडेही त्याला साजेसे घेतलेत. काळ लसीकरणानंतरचा, विषाणूविरोधी औषधं हाताशी असतानाचा.

फोटोतल्या अहवालात काय होतं

क्रिएटिनिन २.३. या वयाच्या स्त्रीसाठी त्यावरून निघणारा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, साधारण २४. १५ ते २९ म्हणजे चौथा टप्पा. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन भरपूर जात होतं. हिमोग्लोबिन १०.४, पोटॅशियम ४.९, बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार) २१, फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचा निर्देशक) ५२०. वजन ५८ किलो. मधुमेह अठरा वर्षांचा, रक्तदाब त्यानंतरचा. गोळ्यांमध्ये रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन, लघवी वाढवणारं टॉर्सेमाइड, मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन आणि लिनाग्लिप्टिन, कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि आम्ल शमवायला सोडाबायकार्ब. रात्री इन्सुलिन, शिवाय रक्तवाढीचं इंजेक्शन आणि मधूनमधून शिरेतून लोह. कोविड लशीचे दोन डोस बऱ्याच काळापूर्वी झाले होते, बूस्टर राहिला होता.

अशा व्यक्तीला कोविड झाला तर धोका किती? २०२० मध्ये इंग्लंडमधल्या १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला ओपनसेफली हा अभ्यास आला. ईजीएफआर ३० च्या खाली असलेल्यांत कोविडने मृत्यूचा धोका, वय आणि इतर आजार हिशेबात घेऊनही, सुमारे अडीच पट निघाला. डायलिसिसवरच्या रुग्णांत आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत तो साडेतीन पटींच्या पुढे होता. मधुमेहाची चर्चा तेव्हा घरोघरी होती, मूत्रपिंडांची मात्र फारशी झाली नाही. मूत्रपिंडांचं काम मंदावलं की रक्तात साचणारी द्रव्यं रोगप्रतिकारक पेशींनाही सुस्त करतात. म्हणूनच डायलिसिसच्या रुग्णांना हेपटायटिस बी ची लस नेहमीच्या दुप्पट मात्रेत द्यावी लागते, तरी काहींत प्रतिपिंडं तयार होत नाहीत.

पहिले चार दिवस

ताप असा आलाच नाही, ९९.५ च्या वर पारा गेला नाही. अंग दुखत होतं, तोंडाला चव नव्हती, दोन दिवस जुलाब झाले. सीकेडीत ताप न येणं नवल नाही, शरीराची दाह पेटवण्याची ताकदच कमी झालेली असते. थकवा आणि भूक मंदावणं ही तर या आजाराची रोजचीच लक्षणं. घरच्यांनी "किडनीमुळेच असेल" म्हणून दोन दिवस काढले, त्यांना बोल लावता येत नाही.

खरं नुकसान या दोन दिवसांत झालं. अंगदुखीसाठी घरातली डायक्लोफेनॅकची गोळी दिवसातून दोनदा घेतली गेली. जुलाब होत असताना टेल्मिसार्टन, टॉर्सेमाइड आणि डॅपाग्लिफ्लोझिन नेमाने चालू राहिल्या, कारण "किडनीच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत" हे त्यांना वर्षानुवर्षं बजावलं गेलं होतं. शिवाय अशक्तपणा जावा म्हणून फळांचे रस, म्हणजे वरून आणखी पोटॅशियम.

गाळणीत दाब टिकवण्यासाठी मूत्रपिंड आत येणारी रक्तवाहिनी सैल ठेवतं आणि बाहेर जाणारी थोडी आवळतं. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं आतली वाहिनी आवळतात, टेल्मिसार्टन बाहेरची सैल करतं, आणि टॉर्सेमाइड व जुलाब मिळून शरीरातलं पाणीच कमी करतात. वरून नळ आवळला, खालची तोटी मोठी केली आणि टाकीही रिकामी केली, तर दाब राहणार कुठून? हे त्रिकूट नेफ्रॉलॉजीत, म्हणजे मूत्रपिंडविकारशास्त्रात, जुनंच कुप्रसिद्ध आहे, कोविडने त्याला निमित्त दिलं.

इथे एक गैरसमज बाजूला करायला हवा. करोनाचा विषाणू पेशीत शिरताना एसीई२ हे प्रथिन वापरतो. त्यामुळे २०२० च्या सुरुवातीला टेल्मिसार्टनच्या जातीची औषधं संसर्ग वाढवतील अशी भीती पसरली आणि कित्येकांनी ती आपणहून सोडली. पुढे ब्राझीलमधल्या ब्रेस कोरोना चाचणीत ही औषधं चालू ठेवल्याने नुकसान होत नाही असं दिसलं. म्हणजे कोविड झाला म्हणून टेल्मिसार्टन थांबवायचं नसतं. जुलाब, उलट्या, खाणंपिणं बंद, रक्तदाब घसरलेला किंवा पोटॅशियम चढलेलं असेल तेव्हा ते तात्पुरतं थांबवायचं, मग कारण कोविड असो की आणखी काही. या रुग्णात यातलं जवळपास सगळं होतं. हा नियम कागदावर लिहून रुग्णाच्या हाती दिलेला असता तर बहुधा क्रिएटिनिन ४.१ पर्यंत गेलं नसतं.

धाप कशाची?

सीकेडीचा रुग्ण धापत आला की पहिला विचार येतो फुफ्फुसात पाणी भरल्याचा. तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. छातीच्या एक्स-रेवर दोन्हीकडे पांढुरके डाग दिसले की हात आपोआप लघवी वाढवणाऱ्या इंजेक्शनकडे जातो. इथे ते इंजेक्शन दिलं गेलं असतं तर उरलेसुरले मूत्रपिंडही बसलं असतं.

निर्णय फिरला तो वजनाच्या काट्यावर. दीड महिन्यापूर्वी ५८ किलो, आज ५५.५. पायांना सूज नाही, मानेच्या शिरा सपाट, जीभ कोरडी. पाणी जास्त झालेलं नव्हतं, उलट कमी पडलं होतं. रंगद्रव्य न देता केलेल्या सीटी स्कॅनमध्ये डाग फुफ्फुसांच्या कडेकडेला विखुरलेले होते, कोविडच्या न्यूमोनियात दिसतात तसे. हृदयामुळे साचलेलं पाणी बहुधा मध्याभोवती दाटतं आणि फुफ्फुसांच्या आवरणातही उतरतं.

पण श्वास मिनिटाला ३० होता आणि ९२ ऑक्सिजनला तो जरा जास्तच वाटत होता. तिसरं कारण रक्तवायूच्या तपासणीत सापडलं. बायकार्बोनेट २१ वरून १५ वर आलेलं. रक्तातलं आम्ल बाहेर टाकायला शरीर श्वास वाढवतं, त्यालाही रुग्ण धापच म्हणतो. डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या, उपाशी राहिलेल्या मधुमेही रुग्णात साखर फार न वाढताही, कीटोन नावाची आम्लं साचून, कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, म्हणून रक्तातले कीटोन तपासले. ०.५ आले, म्हणजे ती शक्यता मागे पडली. आम्ल मूत्रपिंडांमुळेच वाढलं होतं.

अहवाल वाचताना

पोटॅशियम ६.१, ईसीजीत टी लाटा उंच आणि टोकदार. सीआरपी, म्हणजे दाहाचा निर्देशक, ८६. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी ७००. फेरिटिन ७८०, डी-डायमर (रक्तातल्या गुठळ्यांची खूण) वाढलेलं, ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची खूण) किंचित जास्त. हिमोग्लोबिन ९.२.

हीच यादी निरोगी मूत्रपिंडांच्या माणसाची असती तर फेरिटिन, डी-डायमर आणि ट्रोपोनिन पाहून कुणीही दचकलं असतं. सीकेडीत हे तिन्ही आधीपासूनच चढलेले असतात. फेरिटिन तर शिरेतून लोह घेणाऱ्यांत हमखास. ५२० वरून ७८० ही वाढ बेताची म्हणायची. जिवाणूसंसर्गात वाढणाऱ्या प्रोकॅल्सिटोनिनचंही तसंच. ते थोडं जास्त आलं होतं, आणि त्यावरून जिवाणूसंसर्ग ठरवून प्रतिजैविक सुरू करण्याचा मोह झाला होता. कफ नाही, सीटीत एका जागी घट्ट झालेला भाग नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत. प्रतिजैविक दिलं नाही. माझ्या मते तो या सगळ्या उपचारातला सर्वांत चांगला न घेतलेला निर्णय होता.

अँटिजेन चाचणी सोडली तर कोविडच्या नेहमीच्या तपासण्यांपैकी फारच थोड्या इथे स्वतःच्या पायावर उभ्या राहतात. प्रत्येक आकड्याशेजारी जुना आकडा हवा. आणि क्रिएटिनिन रोज बदलत असताना त्यावरून यंत्राने छापलेला ईजीएफआर खोटाच असतो, कारण ते सूत्र स्थिर क्रिएटिनिनसाठी बांधलेलं आहे. त्या दिवशीच्या छापील अहवालात १२ होतं. खरी क्षमता त्याहून कमी असू शकत होती.

उपचार

आधी पोटॅशियम. हृदय सांभाळण्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट (त्याने पोटॅशियम कमी होत नाही, थोडा वेळ मिळतो), मग इन्सुलिन आणि ग्लुकोज. मूत्रपिंड मंद असताना इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून पुढचे सहा तास दर तासाला साखर पाहिली. टेल्मिसार्टन, टॉर्सेमाइड, डॅपाग्लिफ्लोझिन आणि अर्थातच डायक्लोफेनॅक बंद. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल. सलाईन ५०० मिलिलिटर, सावकाश, आणि त्यानंतर पुन्हा छाती ऐकून, वजन करून पुढचे ५००. कोविडच्या फुफ्फुसाला जास्त पाणी सोसत नाही आणि कोरड्या मूत्रपिंडाला कमी, त्यामुळे बाटल्या लावून निघून जाण्याची सोय नव्हती.

सुई कुठे टोचली हेही सांगण्याजोगं आहे. चौथ्या टप्प्यातल्या रुग्णाला पुढेमागे डायलिसिससाठी हातावर फिस्टुला, म्हणजे शस्त्रक्रियेने शीर आणि धमनीचा जोड, करावी लागू शकते आणि त्यासाठी पुढच्या हाताच्या शिरा शाबूत लागतात. घाईच्या वॉर्डात सुई नेमकी तिथेच जाते. इथे ती उजव्या हाताच्या पंजामागे लावली, आणि डाव्या हाताला टोचू नये म्हणून पलंगावर चिठ्ठी डकवली.

ऑक्सिजन मास्कने ४ लिटर, जमेल तितका वेळ पालथं झोपणं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलीग्रॅम. जून २०२० मध्ये रिकव्हरी चाचणीने दाखवलं की ऑक्सिजन लागणाऱ्यांत ते मृत्यू कमी करतं, व्हेंटिलेटरवरच्यांत सर्वांत जास्त, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांत त्याचा फायदा दिसत नाही. मूत्रपिंडासाठी त्याची मात्रा बदलावी लागत नाही.

रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनवर थोडा वाद झाला. वॉर्डातल्या जुन्या तक्त्यावर लिहिलं होतं, ईजीएफआर ३० खाली देऊ नये. त्यामागे कारण होतं. सुरुवातीच्या चाचण्यांत असे रुग्ण घेतलेच नव्हते आणि औषध विरघळवणारं सायक्लोडेक्स्ट्रिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. पण ते काही दिवसांच्या उपचारात घातक पातळीला पोचत नाही असं पुढे दिसलं आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डायलिसिसवरच्या रुग्णांसह सर्वांसाठी मात्रा न बदलता त्याला मान्यता दिली. तक्ता जुना होता. पहिल्या दिवशी २००, पुढे रोज १०० मिलीग्रॅम, एकूण पाच दिवस.

या बाई आजाराच्या दुसऱ्याच दिवशी, ऑक्सिजन लागण्याआधी आल्या असत्या तर? तेव्हा तोंडाने घ्यायच्या निर्मात्रेलविर-रिटोनाविर या विषाणूविरोधी औषधाचा विचार झाला असता. लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांत ते सुरू करावं लागतं. ईजीएफआर ३० ते ६० मध्ये त्याची मात्रा निम्मी करतात, ३० खाली ते बराच काळ वर्ज्य होतं, नंतर त्यासाठीही कमी मात्रेची पद्धत आली. मोठी अडचण रिटोनाविरची. ते यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा रोखून धरतं. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन थांबवावं लागतं, अ‍ॅम्लोडिपिन कमी करावं लागतं. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात तर टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची पातळी इतकी उसळते की नव्या मूत्रपिंडालाच धोका होतो. अशा रुग्णाने नेफ्रॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय त्या पाकिटाला हात लावू नये.

गुठळ्या टाळायला हेपारिनची साधी इंजेक्शनं दिली. त्याच कामाचं एनॉक्साप्रिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, क्षमता ३० खाली असताना नेहमीची मात्रा साचून रक्तस्राव होऊ शकतो. हिमोग्लोबिन ९.२ असल्याने रक्त चढवायचं का, असं मुलाने विचारलं. नाही म्हटलं. पुढे प्रत्यारोपणाचा विचार होऊ शकणाऱ्या रुग्णाला परक्याचं रक्त दिलं की शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि जुळणारं मूत्रपिंड मिळणं अवघड होतं. ९.२ वर ती किंमत मोजायचं कारण नव्हतं.

डायलिसिस

तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ४.८ झालं. मुलाचा चेहरा उतरला. "एकदा डायलिसिसवर घेतलं की सुटत नाही ना?" हा प्रश्न तो तीन दिवस मनात धरून होता.

याचं उत्तर गुळमुळीत देऊन चालत नाही. डायलिसिसमुळे मूत्रपिंड कायमचं निकामी होत नाही. अचानक झालेल्या इजेसाठी सुरू केलेलं डायलिसिस बऱ्याच रुग्णांत थांबतं. पण ईजीएफआर आधीच २४ वर असलेल्यांत हाताशी शिल्लक कमी असते, आणि काहींचं थांबत नाही. दोन्ही गोष्टी त्याला सांगितल्या गेल्या. त्याने थोडा वेळ घेतला आणि विचारलं, "आज नाही केलं तर?"

त्या दिवशी लघवी ९०० मिलिलिटर होती, पोटॅशियम ५.२ वर आलं होतं, बायकार्बोनेट १८, शुद्ध पूर्ण. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टार्ट-एकेआय चाचणीने दाखवलंय की तातडीचं कारण नसताना लवकर डायलिसिस सुरू केल्याने जीव वाचण्याचं प्रमाण वाढत नाही, आणि ते लवकर सुरू केलेल्यांत डायलिसिसवर अवलंबून राहणारे उलट जास्त निघाले. नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर डायलिसिस करायचं नसतं. थांबायचं ठरलं. लागलंच तर कॅथेटर मानेच्या उजव्या शिरेत घालायचा, कॉलरबोनखालच्या शिरेत नाही, हेही नोंदवलं, कारण ती शीर आकसली की त्या बाजूची फिस्टुला वाया जाते. पाचव्या दिवशी क्रिएटिनिन ४.३ झालं आणि नंतर उतरतच गेलं.

ऑक्सिजन चौथ्या दिवसानंतर वाढवावा लागला नाही, त्यामुळे बॅरिसिटिनिब या दाह दाबणाऱ्या औषधाची वेळ आली नाही. आली असती तर अडचणच होती, ईजीएफआर १५ खाली असताना ते देत नाहीत.

साखरेने मात्र उशिरा त्रास दिला. स्टेरॉइडमुळे दुपारी साखर ३४० च्या घरात जायची, इन्सुलिन वाढवत नेलं. सातव्या दिवशी ऑक्सिजन सुटला, डेक्सामेथासोन बंद झालं, इन्सुलिन मात्र तेवढंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साखर ५८. घाम, थरथर, ग्लुकोज, सगळं पाठोपाठ. स्टेरॉइड बंद करताना त्याच कागदावर इन्सुलिनची नवी मात्रा लिहायची, ही साधी गोष्ट आहे, आणि ती सर्रास राहून जाते.

घरी गेल्यावर

दहाव्या दिवशी क्रिएटिनिन ३.० वर घरी पाठवलं. टेल्मिसार्टन अजून बंद. घरी जाताना दिलेल्या कागदावर ते का बंद आहे आणि कुणी, कधी सुरू करायचं हे लिहिलेलं नसेल तर ते कायमचं सुटतं आणि लघवीतलं अल्ब्युमिन पुन्हा वाढू लागतं. तीन आठवड्यांनी रक्तदाब १४८/८८ आणि पोटॅशियम ४.७ पाहून निम्म्या मात्रेत ते सुरू केलं, दहा दिवसांनी पुन्हा क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासलं. डॅपाग्लिफ्लोझिन जेवण सुरळीत झाल्यावर परत आलं. बूस्टर आणि हेपटायटिस बी चे डोस ठरले. आजारपणात कोणत्या गोळ्या थांबवायच्या याची यादी मोठ्या अक्षरांत औषधांच्या डब्यावर चिकटवली गेली, वेदनाशामकांची नावं तिच्यात सर्वांत वर.

तीन महिन्यांनी क्रिएटिनिन २.७, ईजीएफआर २० च्या आसपास. आजाराआधीच्या दोन वर्षांत तो दरवर्षी साधारण तीनने घसरत होता, म्हणजे या एका आजारपणात वर्षाहून अधिक काळाची घसरण एकदम झाली. त्यातली किती विषाणूची आणि किती डायक्लोफेनॅकची, हे वेगळं करता येत नाही. फिस्टुलाचा सल्ला ठरल्यापेक्षा लवकर घ्यावा लागला. डाव्या हाताच्या शिरांची सोनोग्राफी झाली, त्या वापरण्याजोग्या निघाल्या. शस्त्रक्रिया अजून केलेली नाही. पुढचा अहवाल दोन महिन्यांनी पाहून ठरवायचं आहे.